शेलुंब्याच्या पाटाला पाणी येतं तो दिवस

नाताळच्या सुट्टीत लोक माथेरानला जातात. नेरळ स्टेशनवर आमचा डबा निम्मा रिकामा झाला तो त्यामुळेच. आम्ही दोघं जागेवरून हललो नाही, तेव्हा उतरता उतरता एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही माथेरानचे नव्हे? मग कुठे?"

"पाट बघायला," मामा म्हणाले.

गृहस्थांना बहुधा जेवायला बसायचा पाट वाटला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

अप्पामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मामी गेल्यापासून ठाण्याला आमच्याकडे राहतात. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांनी आखलेले रस्ते आणि पूल बांधले. खालापूर तालुक्यातल्या शेलुंबे गावचा बंधारा आणि त्यातून निघणारा पाट एवढी एकच गोष्ट पहिल्या मोजणीपासून शेवटच्या दगडापर्यंत त्यांची स्वतःची. दुष्काळाची वर्षं संपल्यावर सरकारने पाण्याच्या कामांना पैसा मोकळा केला होता, त्या दिवसांतली. पाटात पहिलं पाणी सुटलं आणि त्याच आठवड्यात त्यांची खानदेशात बदली झाली. पुन्हा कधी त्या बाजूला जाणं झालं नाही. दर हिवाळ्यात मात्र त्यांना पाट आठवे. जेवताना भातात आमटीसाठी आळं करत आणि तिला वाट काढून देत ते आम्हाला उतार समजावून सांगत. या वर्षी मी शिकवते ती शाळा बंद होती, आमच्या ह्यांना रजा नव्हती, तेव्हा मी म्हटलं, चला मामा, आपण दोघंच जाऊन येऊ.

आता ज्यांना या बाजूला यायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. कर्जतपर्यंत विजेचं इंजिन आहे, त्यामुळे कोळसा डोळ्यांत जात नाही. कर्जतला उतरून खोपोलीच्या फाट्याची गाडी धरायची. ती कधी सुटेल हे स्टेशनमास्तरही खात्रीने सांगत नाहीत. घाटासाठी पुण्याच्या गाडीला मागून इंजिन जोडेपर्यंत ती थांबते, आणि कधी त्यानंतरही थांबते. आम्ही तेवढ्यात स्टेशनाबाहेर जाऊन भिसेगावच्या अंगाला एका दुकानात भजी खाल्ली. भजी गरम होती. चहाबद्दल काही लिहीत नाही. प्यायचं पाणी घरून न्यावं आणि डोक्याला बांधायला एक जुना पंचा किंवा रुमाल जरूर ठेवावा, कारण खोपोलीच्या पुढे रस्त्याची माती फार बारीक आहे आणि ती कुठेही शिरते.

फाट्याची गाडी पळसदरीवरून डोंगराच्या कडेकडेने जाते. डाव्या हाताला घाट वर वर जात राहतो. खोपोली आली की डोंगरावरून खाली उतरणारे वीजघराचे जाडजूड नळ दिसतात. सगळा डबा त्या बाजूला वाकून पाहतो. मामांनीही पाहिलं, पण शेजारच्या घरचं लग्न पाहावं तसं.

खोपोलीला टांगा मिळतो. भाडं आधी ठरवून घ्यावं. आम्हाला मिळाले ते इब्राहिमचाचा. त्यांचे आजोबा पनवेलच्या खाडीवरून तांदळाच्या धंद्यासाठी इकडे आले, धंदा भावांकडे गेला आणि यांच्याकडे घोडा आला, असं त्यांनीच शिळफाट्यापर्यंत सांगितलं. शेलुंबे म्हटल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

"कुनाकडं?"

"कुणाकडे नाही. पाट पाहायचाय," मामा म्हणाले.

"मग चांगलाच दिवस निवडलात की. उद्या पानी येनार हाय."

मामांचा चेहरा असा फुलला की मी चाचांना पुढे काही विचारू शकले नाही. चाचाही घोड्याला चुचकारत गप्प बसले. मला तेव्हाच त्यांच्या गप्प बसण्यात काहीतरी असल्यासारखं वाटलं होतं, पण रस्ता इतका खडखडीत होता की दुसरं काही मनात टिकलं नाही.

टांगा गावाबाहेरच्या आंब्यापर्यंतच जातो. पुढे भातखाचरांच्या बांधावरून चालायचं. कापणी होऊन गेलेली, आणि सगळ्या खाचरांत वालाचे वेल पसरलेले. पांढरी, जांभळी फुलं लागली होती. पोपटीला, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात कोंडून भाजतात त्याला, अजून पंधरवडा तरी होता. खाण्याच्या हिशोबाने यायचं असेल तर पौष उलटता उलटता यावं.

आणि मग डोंगराच्या पायथ्याने जाणारी एक सरळ रेघ दिसली. मामा थांबले. छत्रीच्या टोकाने त्यांनी ती रेघ मला इकडून तिकडे दाखवली. "बघ सुमे. कुठे वाकडी दिसते का?"

वाकडी नव्हतीच. दगडी काठाचा, चांगला रुंद, डोळ्यांना बरा वाटणारा पाट होता तो. फक्त त्यात पाणी नव्हतं, माणसं होती. वीस-पंचवीस बायकापुरुष आत उतरून घाईघाईने पेंढ्याचे भारे वर फेकत होते. कुणी गोवऱ्या टोपलीत भरत होतं. एका जागी पाटात बैलगाडी उभी होती आणि तिचा मालक बैल शोधायला गेला होता. वरच्या ठाकूरवाडीतली काही माणसं मजुरीवर आली होती, ती पाटाच्या तळाला उगवलेली झुडपं कोयत्याने साफ करत होती.

"पाण्याआधी साफसफाई," मामा म्हणाले. "असंच पाहिजे. आम्ही असंच सांगून गेलो होतो."

गावचे पाटील पुढे आले. धाकू पाटील, साठीचे, आखूड धोतर, अंगात बंडी, डोळे बारीक. मामांनी नाव सांगितल्यावर त्यांना ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग ते एकदम म्हणाले, "वर्शेरसाहेब! तुमी? अवो तवा तुमच्या मिशा काळ्या व्हत्या!" आणि मामांचा हात धरून आम्हाला घरी घेऊन गेले. दुसरीकडे उतरायची सोय गावात नाहीच, त्यामुळे हे बरं झालं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वर तूप. मामांनी दौऱ्यावर जन्म काढलेला, त्यांना कुणाच्याही घरी पाटावर बसून जेवता येतं. मीही जेवले आणि पुन्हा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर ओटीवर बसलो असताना सगळं उलगडलं. उलगडलं ते एका बाईमुळे.

ती अंगणात आली आणि खांबाला धरून उभी राहिली. तिशीच्या आतली, काटक, पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. ही गंगू, पाटलांच्या चुलत पुतण्याची बायको. नवरा शंकर मुंबईत गिरणीत. तिने पाटलांकडे पाहून विचारलं, "काका, मग उद्याचं काय ठरलं?"

"काय ठरायचं गं? साहेब येनार, पानी बगनार, जानार."

"माज्या वांग्यांचं इचारतंय मी."

मामांनी पाटलांना विचारलं, "कोण साहेब?"

पाटलांनी सरळच सांगून टाकलं. त्यांच्या सांगण्यात लाज नव्हती आणि कुरापतही नव्हती. वर्षातून एकदा, या दिवसांत, कालव्यांचे साहेब पाहणीला येतात. त्याच्या आदल्या दिवशी गाव पाट रिकामा करतं. सकाळी पाटकरी, म्हणजे सरकारने दरवाजा सांभाळायला ठेवलेला माणूस, बंधाऱ्याचा दरवाजा उघडतो. साहेब वाहतं पाणी बघतात आणि पुढच्या गावी जातात. दुपारी दरवाजा बंद. दुसऱ्या दिवशी पेंढा परत पाटात.

"आणि एरवी?" मामांनी विचारलं.

"एरवी रस्ता हाय की तो. लई सोयीचा. चिखूल नाय, खड्डा नाय. तुमी बांदला बी तसाच."

मामा हसले नाहीत. "पाणी का घेत नाही?"

"वालाला पानी कसं द्यायचं साहेब? वाल ओलीवर येतो, दवावर येतो. पानी दिलं का वेल माजतो, शेंग धरत नाय. आन दुसरं पीक घ्यायला मानूस कुठं हाय? कापनी झाली का अर्धं गाव कोळशाच्या भट्ट्यांवर, नायतर मुंबईला."

"पण पाणी बाहेर काढायला काठात मोऱ्या ठेवल्या होत्या. पोटपाट काढायचे होते तुम्ही. मोठा पाट सरकारचा, शेतातले लहान पाट लोकांचे, असं ठरलं होतं."

"ठरलं व्हतं," पाटील म्हणाले. "जमीन कुनी द्यायची ते ठरलं नव्हतं."

एवढं सगळं ऐकून मी मामांकडे पाहिलं. ते अंगणातल्या तुळशीकडे पाहत होते. त्यांना वाईट वाटलं असणारच, पण ते त्यांनी दाखवलं नाही. सरकारी नोकरीत माणसाला ही सवय होते.

गंगू अजून उभीच होती. तिची गोष्ट अशी. पाटाच्या लगेच खाली पाटलांचं वालाचं खाचर, आणि त्याच्या खाली तिचा तुकडा. त्यात तिने वांगी आणि मिरची लावली होती. नदीवरून डोक्यावर घडे आणून ती घालत होती. खोपोलीला वीजघराची वस्ती झाल्यापासून भाजीला गिऱ्हाईक आहे. पावसाळ्यानंतरचे महिने भाजीवर निघाले तर शंकरने मुंबईला जायचं कारण नाही. आणि मुंबईहून तो गेल्या खेपेला खोकत आला होता. ती हे सगळं मला सांगत होती, पण ऐकवत पाटलांना होती.

"आता माझ्याच्यानं घडे व्हत नाईत काका. उद्या पानी हाय तर एक दिवस तरी घेऊ द्या. मोरी तुमच्या खाचराच्या डोक्यावर हाय. बांधाकडनं चार बोटं चर काढते."

"चार बोटांची उद्या हातभर व्हते. बांद हलला का माजी जमीन गेली. आन तुझं पानी माझ्या वालात मुरनार. मोरी मी चिकनमाती घालून बुजवलीय ती उगाच नाय."

"तुमच्या जमिनीला पानी शिवलं नाय तर?"

"कसं नाय शिवनार? उडत जानार काय?"

"उडतच नेते," गंगू म्हणाली. "डोनी लावते. वरनं."

भेरली माडाचं खोड उभं चिरून, पोखरून त्याची लांबट डोणी करतात. इकडे गुरांना पाणी पाजायला ती घरोघर असते. पाटलांच्या गोठ्यातही एक होती. ती आम्हाला ओटीवरून दिसतच होती, आणि गंगू तिच्याकडेच पाहत होती.

"ती न्यायचा इचार हाय वाटतं तुझा," पाटील म्हणाले.

"एकीनं भागनार नाय. ठाकूरवाडीतनं दोन आनते."

पाटलांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "वाल भिजला तर डोनी फोडून चुलीत घालीन. तुला सांगून ठेवतो."

गंगू "बरं" म्हणाली आणि लगेच गेली. त्यांचं मन बदलायच्या आत जावं, अशी.

ती गेल्यावर पाटील मामांकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, एक मागनं हाय. उद्या तुमी हितं असनार. साहेबाम्होरं काय बोलू नका. पाट चालत नाय असं वर कळलं तर डागडुजीचा पैसा बंद व्हईल. बंदारा पडंल एकाद्या पावसात, आन त्याच्या खाली गाव हाय. पाटकऱ्याची नोकरी जाईल ते येगळंच. त्याला पोरं हायती."

मामा म्हणाले, "बघू." त्या रात्री आम्ही लवकर झोपलो. या भागात डिसेंबरात थंडी चांगली पडते. एक घोंगडी पुरत नाही हे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सकाळी उठून पाहते तो पाटलांच्या खाचरात लगबग चाललेली. गंगू, ठाकूरवाडीतलं एक जोडपं आणि स्वतः पाटील. कालच्या धमकीनंतर पाटील तिथे काय करतात, असं मला वाटलं. ते वाल सांभाळायला आले होते. जमिनीत मेढी रोवायच्या, मेढीच्या बेचक्यात डोणी ठेवायची, आणि वेल तुडवायचा नाही. प्रत्येक मेढ कुठे रोवायची ते पाटील सांगत होते, कारण दुसऱ्या कुणाला ते सांगू देत नव्हते. त्यामुळे अर्धं काम त्यांच्याच हातून होत होतं. मामा काठावर उभे होते. मला वाटलं, ते आता उतार सांगायला खाली उतरतील. ते उतरले नाहीत. एकदाच म्हणाले, "दुसरी जरा उचला," आणि ठाकराच्या बायकोने ती अगोदरच उचलली होती.

पाणी आलं ते ऐकू आधी आलं. कोरड्या दगडांवरून काहीतरी घासत येत असल्यासारखा आवाज. मग पाचोळा, पेंढ्याच्या काड्या, एक फुटकं सूप पुढे ढकलत ते आलं, मातकट, फेसाळ, आणि हळूहळू स्वच्छ होत गेलं. गाव काठावर उभं होतं. बायका लगेच कपडे धुवायला बसल्या. मामांनी वाकून हात बुडवला, चेहऱ्यावरून फिरवला आणि तो पुसला नाही.

गंगूने मोरीतली चिकणमाती पहारीने फोडली. पाणी डोणीत पडलं, भरलं आणि दोन डोण्यांच्या सांध्यातून भळाभळा खाली वालात गळायला लागलं.

"आलं का पानी शिवायला!" पाटील ओरडले. गंगूने डोक्यावरचा पदर ओढून काढला, टराटरा फाडला आणि सांध्यात कोंबला. ठाकराने वरून शेण-माती थापली. गळती थेंबांवर आली. पाटील खाली वाकून ते थेंब कुठे पडतात ते पाहत राहिले. तिकडे शेवटच्या डोणीच्या तोंडातून पाण्याची धार वांग्यांच्या वाफ्यात पडली. धार बारीक होती. वाफा तहानलेला असल्यामुळे पहिला बराच वेळ ती दिसेनाशीच होत होती. गंगू फाटक्या लुगड्यात फावडं घेऊन वाफ्यावाफ्यातून तिला वाट करून देत होती. ती एकदाही वर पाहत नव्हती.

साहेब दुपारच्या आत आले. मोटार आंब्याखाली ठेवून चालत. मला वाटलं होतं गोरा माणूस असेल. हे आपलेच, तरुण, चष्मा लावलेले, पायांत बूट आणि बुटांवर आमच्याइतकीच धूळ. पाटकरी हात जोडून मागे. साहेबांनी पाट पाहिला, दरवाजाची चौकशी केली आणि मग त्यांना डोण्या दिसल्या. ते थांबले.

पाटलांनी घाईने मामांची ओळख करून दिली, बहुधा लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. साहेबांनी मामांना नमस्कार केला. "हे तुमचं काम? फार नेटकं आहे. काठाचा एक दगड हललेला नाही."

"वापरच नाही," असं मामांच्या तोंडून येईल असं मला वाटलं. पाटकऱ्यालाही वाटलं असावं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"आणि लोक पाणी घेतात ना?" साहेबांनी विचारलं.

मामांनी खाली बोट दाखवलं. "ती बाई घेते."

"बाकीचे?"

"बाकीच्यांचा वाल आहे. वालाला पाणी चालत नाही."

यात खोटं काही नव्हतं. उरलेलं खरं मात्र यात नव्हतं. साहेब थोडं हसले. "अप्पासाहेब, मी ज्या ज्या गावी जातो तिथे पाटाला पाणी असतं. धुतलेल्या पाटांवरून मी आठवडाभर फिरतोय. काल एका ठिकाणी पाण्याबरोबर कोंबडी वाहत आली. तिला पाणी येणार हे कुणी सांगितलं नव्हतं."

पाटील जमिनीकडे पाहायला लागले.

तेवढ्यात गंगू वर आली. फाटकं लुगडं कमरेला गुंडाळलेलं, घामाघूम. ती साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला आठवड्याला एकदा पानी पायजे. रोज नको. सरकारचा काय दर असंल तो देईन."

साहेब म्हणाले, "एकट्याच्या तुकड्यासाठी दरवाजा उघडता येत नाही बाई. लागून असलेल्या पुष्कळ जमिनीची मागणी लागते. तसा नियमच आहे."

"मंग आज कुनाच्या मागनीवर उगडला?"

हे तिने भांडून विचारलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी मामांकडे पाहिलं, मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. एकाच खात्यातली दोन माणसं एकमेकांशी न बोलता कशी बोलतात ते मी त्या वेळी पाहिलं.

"आज चाचणी होती," साहेब म्हणाले. मग पाटकऱ्याकडे वळले. "दरवाजा वर्षभर बंद राहिला तर गंजेल. आठवड्यातून एकदा उघडून पाहत जा. दिवसभर उघडा ठेव. चाचणीला मागणी लागत नाही."

"जी," पाटकरी म्हणाला. त्याचे डोळे आता उघडे होते.

साहेब निघाले तेव्हा पाटील त्यांना आंब्यापर्यंत पोचवायला गेले. परत आल्यावर ते मामांना म्हणाले, "म्हंजी आता पेंढा कुठं ठेवायचा?" त्यांना ही खरीच अडचण होती. पाटातली वहिवाटही बंद होणार होती. संध्याकाळपर्यंत गावात गंगूला शिव्या देणारी माणसं बरीच झाली. दोघींनी तर तिच्याशी बोलणं टाकलं. ती नदीवर न जाता घरी बसली होती, आणि घरी बसायची सवय नसल्यासारखी सारखी आत-बाहेर करत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. इब्राहिमचाचा आंब्याखाली येऊन थांबले होते. गावाची बातमी त्यांना आमच्याआधी कळली होती. परतीच्या वाटेवर कर्जतला तांदूळ घ्यावा. नवा असतो, चांगला असतो, पण गाडीच्या वेळेला हमाल मिळत नाही, तेव्हा झेपेल तेवढाच. मामांनी पोतडी स्वतःच उचलली आणि माझं ऐकलं नाही.

घरी आल्यावर आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं, "काय अप्पा, झाला का पाट बघून? कसा आहे?" मामा म्हणाले, "सरळ आहे." मला वाटलं होतं, ते आता उतार, मोऱ्या सगळं सांगायला बसतील. पण त्यानंतर कितीतरी दिवस पाटाचा विषय जेवणात निघाला नाही. आमटी आळ्यातच राहायची.

मी स्वतः या प्रवासाचा विचार करते तेव्हा मला हिशोब जुळवता येत नाही. एवढा दगड, एवढी माणसं, इतक्या वर्षांची डागडुजी, आणि शेवटी चार वाफे वांग्यांचे. कुणी म्हणेल सरकार चुकलं, कुणी म्हणेल लोक आळशी. तिथे गेल्यावर मला आळशी माणूस दिसला नाही. चुकलेला कोण हेही मला ठरवता आलं नाही. पाहण्यासारखं ठिकाण म्हणाल तर आहे. डोंगर जवळ आहे, हवा कोरडी आहे, बिरडं उत्तम.

फाल्गुनात एका रविवारी दारात एक माणूस उभा राहिला. खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. गंगूचा नवरा शंकर. मुंबईहून गावी निघाला होता आणि तिच्या निरोपावरून ठाण्याला उतरला होता. मी त्याला चहा दिला. खोकला होता, पण कमी, असं तोच म्हणाला. गिरणीतून रजा घेतली का सोडली, असं मामांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ते आजून सांगता येत नाय. वांग्यांचा एक तोडा खोपोलीला गेला. दुसऱ्याचं बघतो."

"पाणी येतं ना आठवड्याला?"

"येतं. पन..." तो जरा घुटमळला. मोठ्या माणसासमोर गाऱ्हाणं सांगावं की नाही असा.

"बोल की."

"आता पुरत नाय साहेब. धाकूकाकांनी वाल काढला आन त्याच खाचरात काकडी लावलीय. तेंच्या पलीकडच्यांनी बी डोनी घातली. माझ्या वाफ्यापत्तर धार येस्तोवर दिस कलतो. भांडनं व्हतात. पाट जरा मोठा काढाया पायजे व्हता, असं समदी बोलतात."

मामांनी हातातली बशी खाली ठेवली. ओव्हरसियर म्हणून त्यांच्या कामाविरुद्ध आलेली ती पहिलीच तक्रार होती. त्यांनी शंकरला बसायला सांगितलं, जवळ ओढलं आणि म्हणाले, "कुठे कमी पडतं, नीट सांग. अगदी सुरुवातीपासून सांग."